समुद्रकांठच्या गळाचें रीळ : निवड आणि निगा

गेल्या माघ महिन्यांतील गोष्ट. इयत्ता नववींतील एक विद्यार्थी मधल्या सुटींत कागदांत गुंडाळलेली एक वस्तु घेऊन प्रयोगशाळेच्या दाराशीं येऊन उभा राहिला. समुद्रकांठीं उभें राहून गळानें मासे धरण्याचें तें एक रीळ होतें. मामानें दिवाळीस दिलेले व स्वतः जमविलेले पैसे एकत्र करून त्यानें तें विकत घेतलें होतें. आणि तीन महिन्यांत त्याचें हँडल फिरेनासें झालें होतें. "बाबा म्हणतात, पैसे पाण्यांत गेले, आतां दुसरें मिळावयाचें नाहीं," असें तो खालीं मान घालून म्हणाला. वस्तु टाकाऊ निघाली कीं मुलगा निष्काळजी निघाला, एवढाच प्रश्न त्याच्या वडिलांपुढें होता. आम्हीं दोघांनीं मिळून तें रीळ खोललें, तेव्हां दोहोंपैकीं एकहि गोष्ट खरी नसल्याचें आढळलें. मुलगा दर खेपेस रीळ धूत असे; पण तें बादलीभर पाण्यांत बुडवून धूत असे! निगा होती, ज्ञान नव्हतें. हें ज्ञान अवघड नाहीं. ज्यांना रीळ घ्यावयाचें आहे अशा विद्यार्थ्यांसाठीं, आणि ज्यांना त्याचे पैसे मोजावयाचे आहेत अशा पालकांसाठींहि, तें येथें थोडक्यांत सांगतों.

रिळाची रचना

कोंकणच्या किनाऱ्यावर रापण ओढण्यास सारी वाडी लागते, आणि पाग टाकण्यास कसलेला हात लागतो. गरीचें तसें नाहीं. दोरी, गळ, शिसें आणि धीर एवढ्या सामग्रीवर एकटा मनुष्यहि खडकावर बसून गरवूं शकतो. परंतु हातानें भिरकावलेली दोरी फार दूर जात नाहीं. पुळणीवर लाटा जेथें फुटतात तेथें वाळू खणली जाऊन लांबट घळी बनतात, व रावस, शेंगटी, मुडदुशी यांसारखे मासे भरतीच्या पाण्याबरोबर त्यांत चरावयास येतात. तेथपर्यंत गळ पोंचविण्यासाठीं लांब काठी व तिच्यावर बसविलेलें रीळ यांची योजना असते.

जुन्या रिळांत दोरी बाहेर जातांना तिचा गुंडाळा स्वतःच गरगर फिरत असे. फेंक संपली तरी तो आपल्या वेगानें फिरतच राही, आणि दोरीचें जंजाळ माजे. यावर १८८४ सालीं स्कॉटलंडांतील पर्थ येथील पीटर मॅलक यानें असा तोडगा काढला कीं, फेंकतेवेळीं गुंडाळा काटकोनांत वळवून त्याचें तोंड काठीच्या टोंकाकडे करावें, म्हणजे तो न फिरतां दोरी त्याच्या कडेवरून निसटून जाईल. पुढें १९०५ सालीं, लोकरीच्या गिरण्यांसाठीं प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडांतील ब्रॅडफर्ड शहरच्या आल्फ्रेड इलिंगवर्थ यानें, गुंडाळा जागच्या जागीं ठेवून दोरीच त्याच्याभोंवतीं फिरवून गुंडाळणाऱ्या रिळाचें पेटंट घेतलें. गिरणींतील बॉबिनवरून धागा कसा सुटतो हें पाहून त्यास ही कल्पना सुचली असें सांगतात. शिवणाच्या दोऱ्याचें रीळ मेजावर उभें ठेवून दोऱ्याचें टोंक सरळ वर ओढून पाहा. रीळ हलत नाहीं, दोरा मात्र सुटत राहतो. आजच्या स्पिनिंग रिळाचें मर्म या लहानशा प्रयोगांत आहे.

या रिळांत दोरी ज्यावर असते त्या भागास स्पूल म्हणतात, व स्पूलभोंवतीं जो फिरतो तो रोटर. रोटरवर तारेची एक कमान असते. ती उघडली कीं दोरी मोकळी होते. मिटली कीं दोरी एका चिमुकल्या रोलरवरून वळून स्पूलवर गुंडाळली जाऊं लागते. हँडल फिरविलें असतां आंतील दंतचक्रें रोटर फिरवितात, आणि त्याच वेळीं स्पूल पुढेंमागें सरकतो. त्यामुळें दोरी सारखी बसते. स्पूलच्या तोंडाशीं ड्रॅगची कळ असते. मासा जोरानें ओढूं लागला कीं, ड्रॅगच्या चकत्यांमधील घर्षणावर मात करून स्पूल थोडा फिरतो व दोरी देतो. ही सवलत नसेल तर मोठ्या माशाच्या पहिल्याच हिसक्यास दोरी तुटेल.

निवड कशी करावी

प्रथम आकार पाहावा. रिळांवर ३०००, ५०००, ८००० असे आंकडे असतात. ते आकाराचे निदर्शक होत. परंतु सर्व कारखान्यांचें माप एक नसतें, म्हणून केवळ त्यांवर विसंबूं नये. स्पूलवर किती दोरी मावते हें छापलेलें असतें, तें वाचावें. तेथें ०.३५ व २४० असे आंकडे असले तर ०.३५ मिलिमीटर जाडीची २४० मीटर दोरी मावते असा अर्थ होतो. आपल्या पुळणींवर नवशिक्यास नऊ ते अकरा फुटी काठी, ५००० च्या आसपासचें रीळ आणि सुमारें २५० मीटर दोरी एवढें साहित्य पुरेसें होतें. याहून मोठें घेतलें तर मुलाचें मनगट लवकर भरून येतें. फार लहान घेतलें तर लांब फेंकीनंतर माशास द्यावयाला दोरीच उरत नाहीं.

दुसरी गोष्ट दंतचक्रांचें प्रमाण. ५ : १ असें लिहिलें असेल तर हँडलच्या एका फेऱ्यांत रोटरचे पांच फेरे होतात. स्पूलवरील दोरीचा व्यास ६० मिलिमीटर धरल्यास तिचा परीघ सुमारें १८८ मिलिमीटर, आणि पांच फेऱ्यांत सुमारें ९४ सेंटिमीटर दोरी आंत येते. अर्थात् ८० मीटर दूर फेंकलेला गळ परत आणण्यास कमींत कमी ८५ वेळां हँडल फिरवावें लागेल. याहून अतिवेगवान रीळ मोहक वाटतें. पण जड शिसें लाटांतून ओढतांना तें हाताला जड जातें. पुळणीसाठीं ५ च्या आसपासचें प्रमाण सोयीचें असतें.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ड्रॅग. जाहिरातींत ड्रॅगची शक्ति पंधरा-पंधरा किलो असल्याचें मोठ्या अक्षरांत छापतात. वस्तुतः ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश एवढाच ठेवावयाचा असतो. ९ किलोला तुटणाऱ्या दोरीस सव्वादोन ते तीन किलो पुष्कळ झाले. त्याचें कारण गणितानें समजतें. भरलेल्या स्पूलवरील दोरीची त्रिज्या ३० मिलिमीटर असतांना ड्रॅग ३ किलोवर बसविला, आणि मासा दोरी घेऊन पळाल्यामुळें ती त्रिज्या २० मिलिमीटर झाली, तर कळेला हात न लावतांहि ओढ साडेचार किलोची होते. गांठीच्या ठिकाणीं दोरी मुळांतच कमजोर असते. काठीच्या कड्यांवर ती घासते तें निराळेंच. यास्तव ड्रॅगची शक्ति किती, यापेक्षां तो किती सारखा चालतो हें पाहावें. दुकानांत स्पूलवर थोडी दोरी बांधून ती हळूहळू ओढावी. ती प्रथम अडखळून मग एकदम सुटली तर तें रीळ परत ठेवावें.

चौथी गोष्ट अंगाची. स्वस्त रिळांचें अंग बहुधा प्लॅस्टिकसारख्या संयुक्त द्रव्याचें असतें. तें गंजत नाहीं, पण जड ओझ्याखालीं किंचित् वांकतें आणि दंतचक्रांचा मेळ बिघडतो. ॲल्युमिनियमचें अंग ताठ राहतें, पण त्यावरील लेप खरचटला कीं खाऱ्या पाण्याचा त्यावर परिणाम होतो. साधारण शिकारीस दोन्ही चालतात. बेअरिंगांची संख्या मोजून मात्र भुलूं नये. खाऱ्या पाण्यांत दहा सामान्य बेअरिंगांपेक्षां गंजास न जुमानणारीं चार बरीं. दोरी ज्यावरून वळते तो रोलर बोटानें सहज फिरतो कीं नाहीं हें अवश्य पाहावें. तो अडकला कीं दोरी एकाच जागीं घासून झिजते. आणि शेवटीं, कमानीची स्प्रिंग, ड्रॅगच्या चकत्या, हँडल हे भाग सुटे मिळतात काय, हें दुकानदारास विचारावें. ज्याचे भाग मिळत नाहींत तें रीळ कितीहि स्वस्त असलें तरी महाग पडतें.

पूर्ण बंदिस्त, पाण्यांत बुडालें तरी चालणारें रीळ घ्यावें काय, असें कित्येक विचारतात. अमेरिकेंतील लाँग आयलंडच्या पूर्व टोंकास माँटॉक म्हणून एक जागा आहे. तेथें स्ट्राइप्ड बास या माशासाठीं लोक रबरी पोशाख घालून समुद्रांतील खडकांवर उभे राहतात, आणि लाटांखालीं रीळ वारंवार बुडतें. अशा ठिकाणीं बंदिस्त रीळ ही चैन नसून गरज असते. तेथील कित्येक तर मोडण्याजोगी तारेची कमानच काढून टाकतात व दोरी बोटानें रोलरवर चढवितात. आपण कोरड्या वाळूंत किंवा फार तर घोट्याभर पाण्यांत उभे राहतों. तेव्हां त्या खर्चाची आपणांस आवश्यकता नाहीं. लाटांची बारीक फवार मात्र आपल्याहि रिळावर सतत बसते हें ध्यानांत ठेवावें.

मीठ आणि वाळू काय करतात

समुद्राच्या एक किलो पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. रिळांत दहा मिलिलिटर पाणी शिरून तेथेंच आटलें तर सुमारें एक तृतीयांश ग्रॅम मीठ मागें राहतें. तें हवेंतील ओलावा शोषून घेऊन पुन्हां ओलें होतें, व त्या ओल्या मिठांत पोलाद गंजतें. दुसरी क्रिया याहून सूक्ष्म आहे. १८०० सालीं व्होल्टा यानें दोन भिन्न धातूंच्या चकत्यांमध्यें मिठाच्या पाण्यांत भिजविलेला पुठ्ठा ठेवून विद्युत्प्रवाह मिळविला, हें विद्यार्थी पदार्थविज्ञानांत शिकतातच. ॲल्युमिनियमच्या अंगांत पोलादी स्क्रू, आणि दोहोंच्या मध्यें खारें पाणी, अशी स्थिति झाली कीं रिळांत व्होल्टाचीच रचना तयार होते; आणि त्यांपैकीं अधिक क्रियाशील धातु जो ॲल्युमिनियम, तो झिजूं लागतो. आमच्या विद्यार्थ्याच्या रिळांत प्रत्येक स्क्रूभोंवतीं जी पांढरी भुकटी जमली होती ती याच क्रियेची. वाळूंतील गारेचा कण तर पितळ व ॲल्युमिनियम यांहून पुष्कळ कठीण असतो. तो ग्रीसमध्यें मिसळला म्हणजे वंगणाचें काम थांबून घासकाम सुरू होतें. त्या रिळांतील ग्रीस काळ्या लगद्यासारखें झालें होतें व बोटांवर घेतांच खरखरत होतें.

बादलींत बुडवून धुण्यांत हाच धोका आहे. बाहेरील मीठ पाण्यांत विरघळतें, आणि तेंच खारट पाणी वाळूचे कण घेऊन फटींतून आंत जातें. आंत जाण्यास वाट असते. बाहेर निघण्यास नसते.

किनाऱ्यावर असतांना

रीळ वाळूवर कधींहि ठेवूं नये. हातभर लांबीची प्लॅस्टिकची नळी तिरकी कापून वाळूंत रोवावी व काठी तींत उभी करावी. रीळ वाळूंत पडलेंच तर हँडल मुळींच फिरवूं नये. कोरडी वाळू असल्यास फुंकावी, ओली असल्यास बाटलींतील गोड्या पाण्यानें वरवर धुवावी. मगच हँडलला हात लावावा.

स्पूलवर दोरी कडेपासून सुमारें दोन मिलिमीटर कमी भरावी. अधिक भरली तर वेटोळीं एकदम सुटून गुंता होतो. कमी भरली तर दोरी कडेवर घासून फेंक तोकडी पडते. विणलेली बारीक दोरी वापरणाऱ्यांनीं तिच्याखालीं थोडा तंगूस गुंडाळावा, नाहीं तर सबंध दोरीच स्पूलवर घसरते. फेंक झाल्यावर कमान हँडलच्या झटक्यानें न मिटवितां हातानें मिटवावी व दोरी किंचित् ताणून घ्यावी. या एका संवयीनें कमानीची स्प्रिंगहि टिकते आणि निम्मे गुंतेहि टळतात.

येथें एका धोक्याची सूचना देणें अवश्य आहे. फेंकतांना कमान अचानक मिटली किंवा दोरी तुटली, तर शिसें गोफणीच्या दगडाप्रमाणें उडतें. यासाठीं मुख्य दोरीच्या पुढें जाड दोरीचा तुकडा जोडतात. शिशाच्या दर औंसास दहा पौंड ताकद, असा त्याचा नियम आहे. १०० ग्रॅम शिसें म्हणजे सुमारें साडेतीन औंस. त्यास ३५ पौंडांची, म्हणजे सुमारें १६ किलोची दोरी हवी, आणि फेंकतेवेळीं तिचे कांहीं फेरे स्पूलवर असावयास हवेत. मागें, पुढें व दोन्ही बाजूंस कोणी नाहीं हें पाहूनच काठी उगारावी. लहान मुलांनीं वडील माणसाशिवाय समुद्रावर जाऊं नये, हें सांगावयास नकोच.

घरीं आल्यावर

यास दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाहीं. पण तो वेळ त्याच दिवशीं द्यावा, उद्यांवर टाकूं नये.

प्रथम ड्रॅगची कळ पूर्ण आवळावी, म्हणजे चकत्यांत पाणी शिरणार नाहीं. नंतर झारीनें किंवा अगदीं हलक्या धारेनें रिळावर गोडें पाणी सोडावें. जोराची धार मारूं नये. किनाऱ्यालगतच्या विहिरीचें पाणी कित्येकदां मचूळ असतें. शंका असल्यास दुसरें पाणी घ्यावें. मग रीळ झटकून मऊ फडक्यानें पुसावें, ड्रॅग अगदीं सैल सोडावा, व तें सावलींत वाऱ्यावर ठेवावें. ड्रॅग आवळलेला राहिल्यास चकत्या दबून राहतात आणि पुढील खेपेस अडखळतात. दुसऱ्या दिवशीं रोलर, हँडलची मूठ व कमानीचे सांधे येथें पातळ तेलाचा एकेक थेंब द्यावा. ओलें रीळ पिशवींत बंद करून ठेवणें म्हणजे गंजास आमंत्रण देणें होय.

तेल कोणतें, हाहि प्रश्न आहेच. खोबरेल तेल घालूं नये. तें थंडींत थिजतें व कालांतरानें चिकट होतें. रॉकेल तर असलेलें वंगणहि धुऊन नेतें. शिलाई यंत्राचें पातळ तेल वरील सांध्यांस चांगलें चालतें. दंतचक्रांस मात्र ग्रीसच पाहिजे. ड्रॅगच्या चकत्यांवर कारखान्यानें सांगितलेल्याखेरीज कोणतेंहि तेल जाऊं देऊं नये. तसेंच हँडल उलट फिरूं न देणारें जें बेअरिंग आंत असतें, त्यावर जाड ग्रीस बसलें तर तें निसटूं लागतें व ऐन वेळीं हँडल मागें फिरतें.

पावसाळ्यांत

जून लागला कीं समुद्र खवळतो आणि किनाऱ्यावरील गरीचें काम थांबतें. रीळ खोलण्याचा हाच काळ. मेजावर पांढरें फडकें पसरावें. काढलेला प्रत्येक भाग काढल्या क्रमानें डावीकडून उजवीकडे मांडावा, आणि प्रत्येक टप्प्याचें चित्र काढून ठेवावें. जुनें ग्रीस पुसून काढावें, धातूचे भाग स्वच्छ करून कोरडे करावे, दंतचक्रांच्या दांतांवर नव्या ग्रीसचा पातळ थर द्यावा. बेअरिंग बोटावर फिरवून पाहावें. खरखर ऐकूं आली तर तें बदलावें. स्क्रू बसवितांना त्यांच्या आंट्यांवर किंचित् ग्रीस लावावें, म्हणजे दोन धातूंच्या मध्यें खारें पाणी शिरत नाहीं. ज्यांना खोलण्याचा धीर होत नाहीं त्यांनीं जाणत्याकडून हें काम करवून घ्यावें. नारळी पौर्णिमेच्या सुमारास रीळ पुन्हां सज्ज असावें.

आमच्या विद्यार्थ्याच्या रिळाचें पुढें काय झालें, हें सांगून हा लेख पुरा करतों. दोन बेअरिंगें बदलावीं लागलीं. दंतचक्रांवर वाळूनें जी झीज केली होती ती भरून येण्यासारखी नव्हती. त्यामुळें हँडल फिरवितांना अद्यापि किंचित् खरखर ऐकूं येते. पण तें फिरतें. रीळ परत नेण्यास त्याचे वडील स्वतः आले. त्यांनीं हँडल चार वेळां फिरवून पाहिलें, आणि, "यांत तेल कोणतें घालतां?" असें विचारलें. मीं सांगितलें. ते क्षणभर गप्प राहिले, मग हंसले. ते व्यवसायानें शिंपी आहेत. तें तेल त्यांच्या यंत्राच्या खणांत वर्षानुवर्षें होतें, आणि दर शनिवारीं संध्याकाळीं यंत्र पुसून त्यास तेल देण्याचें काम हाच मुलगा करीत असे.